पिधानकारी जोडताऱ्यांतील सूर्यसदृश तारे

एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसत असेल, तर ते आळीपाळीने एकमेकांना झाकतात आणि जोडीचा प्रकाश ठरावीक वेळाने उतरतो. हा पिधानकारी जोडतारा. ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजण्याचे मार्ग मुळातच थोडे, त्यांत हा सर्वांत भरवशाचा. ग्रहण किती वेळ टिकते आणि वर्णपटातल्या रेषा किती सरकतात, हे एकत्र मांडले की त्रिज्या व वस्तुमान हाती येते. चांगल्या जोडीत चूक टक्क्या-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही.

ययातीतला अल्गॉल यातला सर्वांत प्रसिद्ध. जॉन गुडरिकने १७८३ मध्ये त्याचा आवर्तकाल कळवला. पण त्याचा मुख्य तारा सूर्याहून खूपच तप्त. सूर्याच्या जातकुळीतला नमुना हवा तर सप्तर्षीतला डब्ल्यू अर्सी मेजोरिस घ्यावा. १९०३ मध्ये म्यूलर व केम्प्फ यांनी तो शोधला. दोन्ही तारे एकमेकांना टेकलेले, वरचे आवरण सामाईक, फेरी जेमतेम ८ तासांची. तेज ७.७५ पासून ८.५ प्रतीपर्यंत (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) उतरते, म्हणजे प्रकाश जवळपास निम्मा होतो.

पणजीच्या १५.५ अंश उत्तर अक्षांशावरून तो उत्तरेला सुमारे ५० अंश चढतो. फेब्रुवारीत मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच येत असल्याने एका रात्रीत अख्खी फेरी, दोन्ही ग्रहणांसह, लहान दुर्बिणीतून टिपता येते. शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी दर दहा मिनिटांनी तुलना करत राहायचे, एवढेच. मांडवीकाठच्या दिव्यांपेक्षा सांगे-सत्तरीकडचे आकाश यासाठी केव्हाही बरे.

मेख अशी की, जी जोडी पाहायला सोपी ती सूर्यासारखी कमी. सूर्य स्वतःभोवती सुमारे २५ दिवसांत फिरतो; हे तारे भरती-ओहोटीच्या बलाने जखडलेले, कक्षेच्याच वेगाने गरगरतात. त्यातून चुंबकीय क्षेत्र बळावते, पृष्ठभागावर मोठे डाग पडतात आणि ग्रहणांमधली तेजाची दोन शिखरे असमान दिसतात. सूर्याहून थोड्या हलक्या ताऱ्यांच्या अशा जवळच्या जोड्यांत त्रिज्याही गणितापेक्षा पाच-दहा टक्के मोठ्या भरतात.

खरे सूर्यसदृश तारे दूरदूरच्या जोड्यांत. तिथे ग्रहण आठवड्यांनी, महिन्यांनी येते आणि नेमके दिवसा किंवा पावसात निसटते. गोव्यात जून ते सप्टेंबर आकाश मिळतच नाही म्हटले तरी चालेल. अशा जोड्यांसाठी केप्लर (२००९–२०१८) आणि २०१८ पासूनच्या टेस या अवकाश दुर्बिणींची मोजमापे सर्वांना मोफत खुली आहेत. ताळगावच्या पठारावर बसून ऐन आषाढातही त्यांवर काम करता येते.