धीर मिळाला की पान्हा फुटतो

बाळंतिणीला दूध येत नसलं की घरात पहिला संशय तिच्या खाण्यावर जातो. मग अळिवाची खीर होते, मेथीचे लाडू होतात, खोबरं-गूळ होतो. त्यातलं काही वाईट नाही. पण दूध तयार होणं आणि ते बाळाच्या तोंडात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं, दुसरं ऑक्सिटोसिनचं. आणि आई घाबरलेली, दुखावलेली, अवघडलेली असेल तर ऑक्सिटोसिन नीट स्रवत नाही.

अमेरिकेतल्या मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने हे १९४८ मध्ये दाखवून दिलं. प्रयोगातली आई स्वतः नाइल्सच होत्या. बाळाला पाजताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, कधी पायाचा अंगठा दुखेपर्यंत ओढला, कधी भराभर गणितं विचारली. निवांत असताना बाळ एका वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध पीत होतं, या त्रासात ते ९९ ग्रॅमवर आलं. त्रास तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा आकडा परत १५३ वर गेला. म्हणजे दूध होतंच, ते अडून राहिलं होतं. आता विचार करा, टाके दुखत असताना ‘एवढंही जमत नाही का?’ असं कुणी चारचौघांत ओरडलं तर त्या आईचं काय होत असेल. आणि खांद्याखाली उशी सरकवून, बाळाचं तोंड नीट लावून देऊन, दहा मिनिटं शेजारी बसणारी सिस्टर काय करत असते, तेही. ती उपचारच करत असते.

गर्भाशयाच्या कळाही याच ऑक्सिटोसिनने येतात, आणि भीतीने वाढलेलं ॲड्रेनॅलिन त्यात अडथळा आणतं. ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धीर द्यायला सतत कुणीतरी सोबत असलेल्या बायकांची प्रसूती सरासरी ८.८ तासांत झाली, एकट्या असलेल्यांना १९.३ तास लागले. तो अभ्यास लहान होता. पण २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ चाचण्यांचा, १५ हजारांहून अधिक बायकांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही कल तोच निघाला: सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी.

कोकणात ही सोबत मिळणं सोपं नसतं. नवरा मुंबईत नोकरीला, किंवा १ ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली की समुद्रावर. सावंतवाडी-दोडामार्गकडची गुंतागुंतीची केस गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवली, तर ती मुलगी आपल्या माणसांपासून आणखी दूर. प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये आणलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीची सोबतीण असावी असं स्पष्ट आहे, तरी कितीतरी ठिकाणी सासू किंवा आई दाराबाहेरच बसून राहते. मग आत उरते ती सिस्टर. ‘भिया नको गो बाय, मी आसंय हय’ हे तिचं वाक्य कुठल्याही केसपेपरवर लिहिलं जात नाही.

कमी वजनाच्या बाळांबाबत तर हा मुद्दा जीवनमरणाचा आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवायची ‘कांगारू’ पद्धत १९७० च्या दशकाअखेर बोगोटात सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या, २०२१ च्या मोठ्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना बाळ स्थिरावायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं ठेवलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १०० मागे सुमारे १६ वरून १२ वर आले. यासाठी आईला बाळाजवळ येऊ देणारी, तास न् तास तिला सांभाळून घेणारी नर्स लागते.

घरच्यांशी वागणं हा याच कामाचा भाग. आजीला बाळंतिणीच्या खोलीत शेगडी हवी असते, बाळाला धुरी द्यायची असते, पहिला चीक पिळून टाकायचा असतो. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट, आणि चीक तर टाकायचा नाहीच. पण आजीला सुनेसमोर अडाणी ठरवलं की ती दवाखान्यात मान डोलावते आणि घरी गेल्यावर धुरी देतेच. चांगली सिस्टर तिलाच हाताशी धरते: ‘ऊब हवीच आजी, तुम्ही बाळाला कपड्यात नीट गुंडाळा, पण धूर नको.’ माझ्या मते या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य हेच.

मनाच्या आजारातही असंच दिसतं. प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या बायकांचा एक छोटा ब्रिटिश अभ्यास १९८९ चा आहे. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आठवड्यातून एकदा, अशा आठ वेळा, घरी जाऊन फक्त ऐकत होत्या. त्यांच्या गटातल्या ६९ टक्के बायका बऱ्या झाल्या, अशा भेटी न मिळालेल्या गटातल्या ३८. आपल्याकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला घरी येतातच. त्याच वेळी आईलाही ‘झोप लागते का, रडू येतं का?’ असं विचारता येईल.

आणि हा धीर देणारीचं काय? दुसऱ्याचं दुःख नुसतं स्वतःवर घेतलं की माणूस खचतो, हे खरं. पण ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगांत करुणेचं, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं या भावनेचं प्रशिक्षण दिल्यावर त्याच लोकांमधली नकारात्मक भावना कमी झाली, सकारात्मक वाढली. सिस्टरला थकवते ती माया नाही. रात्रपाळीला एकटीवर सोपवलेला भरलेला वॉर्ड, रजिस्टरं आणि तेव्हाच आलेली पुढची केस तिला थकवतात. दहा मिनिटं बसायला तिच्याकडे दहा मिनिटं असायला हवीत, आणि त्यासाठी पाळीला दुसरी सिस्टर लागते.