गॅट्सबीच्या पार्ट्यांमागची दारूबंदी

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीची गोष्ट घडते 1922 च्या उन्हाळ्यात. अमेरिकेत दारूबंदी येऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती, तरी तिचा धनाढ्य नायक गॅट्सबी याच्या बागेत शॅम्पेनला तोटा नव्हता. त्यानं कायदा धाब्यावर बसवला होता, एवढं म्हणून बहुतेक वाचक पुढे सरकतात. पण तो कायदाच मोठा चमत्कारिक होता.

जानेवारी 1920 मध्ये अमलात आलेल्या 18 व्या घटनादुरुस्तीनं दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि तिची आयात-निर्यात बंद केली. पिण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. आपल्याकडे महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाच परवाना लागतो, म्हणून मराठी वाचकाला हे चटकन पटत नाही. अंमलबजावणीचा कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून ऑक्टोबर 1919 मध्ये संमत झाला. त्यानं अर्ध्या टक्क्याहून कडक पेय मादक ठरवलं. बंदीपूर्वी विकत घेतलेला साठा मात्र घरात ठेवायला आणि आल्यागेल्याला पाजायला मोकळीक दिली. म्हणजे ज्याला तळघर होतं आणि पेट्याच्या पेट्या आधीच भरून ठेवण्याइतका पैसा होता, त्याचं काही अडलं नाही. गुत्त्यावर पेल्यापेल्यानं पिणारा मजूर तेवढा कोरडा राहिला. या ‘नैतिक’ कायद्यातली सगळ्यात लबाड तरतूद मला हीच वाटते.

दुसरी पळवाट औषधाची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर रोग्याला दहा दिवसांतून एकदा पाइंटभर व्हिस्की मिळे, तीही रीतसर औषधाच्या दुकानात. साहजिकच औषधविक्रीच्या परवान्याला भाव आला. औषधांच्या धंद्यातून वकिलीत शिरलेल्या एका गृहस्थानं दारूच्या भट्ट्या आणि औषधकंपन्या विकत घेऊन अफाट माया जमवली. गॅट्सबी त्याच्यावरूनच बेतला असं हौसेनं सांगितलं जातं. ते ताणलेलं आहे. पण न्यूयॉर्क-शिकागोच्या गल्लीबोळांतली औषधदुकानं घेऊन गॅट्सबी तिथं दारू विकत होता, हा टॉमचा, म्हणजे गॅट्सबीच्या प्रेयसीच्या नवऱ्याचा, आरोप लेखकानं हवेतून काढलेला नाही. लेखक 1922 च्या शरदापासून दीडेक वर्ष न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, कादंबरी घडते त्याच परिसरात राहत होता. त्याच मुक्कामात, 1923 मध्ये, न्यूयॉर्क राज्यानं स्वतःचा दारूबंदी-अंमलबजावणीचा कायदा रद्द केला आणि सगळं ओझं केंद्रावर टाकलं.

टॉमचंही बाहेर प्रकरण आहे, आणि कादंबरीतल्या या व्यभिचाराचीही एक कायदेशीर बाजू आहे. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाला जवळजवळ एकच कारण चाले: जोडीदाराचा व्यभिचार. त्यामुळे पुढे हॉटेलच्या खोलीत बाई आणून बसवायची, फोटोवाला बोलवायचा, असे बनावट प्रसंगही रचले जात. पैसेवाले सरळ दुसऱ्या राज्यात जाऊन मोकळे होत. टॉमची बायको कॅथलिक आहे, म्हणून त्याला घटस्फोट मिळत नाही, ही कादंबरीतली थाप अशा काळातली आहे. ही कोंडी 1967 मध्ये सुटली.

दारूबंदी 1933 च्या डिसेंबरातच उठली होती. एप्रिल 1925 मध्ये निघालेलं पुस्तक मात्र पडून राहिलं. 1940 मध्ये लेखक वारला तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती गोदामात शिल्लक होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायला सुमारे दीड लाख प्रती छापल्या, नंतर ते अभ्यासक्रमांत गेलं. 1998 च्या कायद्यानं स्वामित्वहक्क वीस वर्षांनी लांबवला नसता, तर ते 2001 मध्येच सर्वांसाठी खुलं झालं असतं. प्रत्यक्षात ते 1 जानेवारी 2021 ला झालं, आणि त्याच महिन्यात कादंबरीच्या निवेदकाची पूर्वकथा सांगणारी नवी कादंबरी दुकानांत आली.