किट मोटारीवरील फायबरग्लास पॅनेलांची जोडणी

सुट्या भागांच्या संचातून घरी बांधलेल्या (किट) मोटारीच्या चॅसीवर (सांगाड्यावर) काचतंतुप्रबलित प्लॅस्टिकची, म्हणजेच फायबरग्लासची, बाह्य पॅनेले चढवून त्यांमधील फटी जुळवण्याची व ती पक्की करण्याची प्रक्रिया. पत्र्याच्या कारखानी मोटारीत पॅनेलांचे आकार पोलादी डायमुळे (पत्रा दाबून घडवणाऱ्या ठशामुळे) बरेचसे आधीच ठरलेले असतात. किट मोटारीत जुळणीची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

फायबरग्लास बॉडीची पहिली मोटार कोणती, याविषयी एकमत नाही. काचतंतूंचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी १९३८ मध्ये स्थापन झाली. मोठा दाब न देता घट्ट होणारी पॉलिएस्टर रेझिने (काचतंतू एकत्र बांधणारी द्रव्ये) मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच वापरात रुळली, त्यामुळे त्याआधीचे दावे जपूनच घ्यावे लागतात. हेन्री फोर्ड यांनी १९४१ मध्ये दाखवलेली प्लॅस्टिक पॅनेलांची मोटार काही लेखक या परंपरेत धरतात. परंतु तिच्या पॅनेलांत सोयाबीन व अन्य वनस्पतिजन्य द्रव्ये असल्याचे वर्णन आढळते, तेव्हा तिला येथे वगळणेच सयुक्तिक. विल्यम स्टाउट यांची १९४६ ची प्रायोगिक स्कॅरॅब सामान्यतः पहिली मानली जाते, पण ती विक्रीसाठी नव्हती. इतरांनी आपापल्या चॅसीवर चढवावी म्हणून विकलेली बॉडी हा निकष लावल्यास ग्लासपार जी-२ चा दावा अधिक बळकट ठरतो. तिचा काळ १९४९ ते १९५१ च्या दरम्यान दिला जातो. आरेखन, पहिली बॉडी व जाहीर प्रदर्शन यांपैकी कशाला आरंभ मानावा यावर तो अवलंबून आहे. तिचे निर्माते बिल ट्रिट हे फायबरग्लासच्या बोटी बांधणारे होते, हे लक्षणीय आहे. शेव्हरोले कॉर्व्हेट (१९५३, पहिल्या वर्षी ३००) ही कारखानी मोटार त्यानंतरची.

ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या मोटारीवर खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये त्या कराची जागा मूल्यवर्धित कराने घेईपर्यंत या सवलतीमुळे किट व्यवसाय फोफावला. लोटस सेव्हन (१९५७) हे तेथील ठळक उदाहरण असले, तरी तिची मूळ पॅनेले ॲल्युमिनियमची होती. नाक व मडगार्ड फायबरग्लासचे झाले ते १९६० च्या दुसऱ्या मालिकेपासून. अमेरिकेत ब्रूस मायर्स यांच्या मायर्स मँक्सने (१९६४) फोक्सवॅगन बीटलच्या आखूड केलेल्या तळावर बसणारी बॉडी लोकप्रिय केली.

जोडणीतील बहुतेक अडचणी साच्यातच जन्म घेतात. उघड्या साच्यात प्रथम सुमारे ०·५ मिमी. जेलकोट (रेझिनाचा गुळगुळीत बाह्य थर), त्यावर चटईसारख्या काचतंतूंचे रेझिनात भिजवलेले थर, अशी साधारण ३ मिमी. जाडी होते. साच्याकडील पृष्ठ तेवढे गुळगुळीत; आतली बाजू खडबडीत आणि कमीजास्त जाडीची राहते. म्हणून एकाच मापाचे दोन ब्रॅकेट दोन ठिकाणी सारखे टेकत नाहीत. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते, आणि पॅनेल साच्यातून लवकर काढल्यास पीळ पडतो. मूळ नमुना हाताने घडवलेला असेल, तर डावी-उजवी बाजूही तंतोतंत सारखी नसते.

जुळणीपूर्वी चॅसी स्वतःच्या चाकांवर, इंजिनाच्या वजनासह उभी असावी. रिकाम्या चॅसीवर साधलेल्या फटी वजन येताच सरकतात. आधी बॉनेट की आधी दरवाजे, यावर बांधणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. दरवाजा बिजागरीच्या अक्षाला बांधलेला असतो, तर बॉनेट पुढेमागे सरकवता येतो. त्यामुळे मुख्य बॉडी मध्यरेषेवर ठेवून दरवाजे आधी लावण्याचा क्रम सोयीचा दिसतो. सर्व पॅनेले क्लॅम्प व चिकटपट्टीने तात्पुरती धरून पाहिल्याशिवाय एकही भोक पाडू नये. फट ४ ते ६ मिमी. ठेवतात आणि एकाच जाडीची पट्टी तिच्यातून फिरवून तपासतात. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढून ती आणखी अरुंद होते, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. फट कमी असल्यास कड घासतात. जास्त असल्यास काचतंतू व रेझिनाने कड वाढवतात. नुसत्या पुट्टीने वाढवलेली कड दरवाजा आपटताच उडते.

कापताना व भोक पाडताना जेलकोटवर चिकटपट्टी लावून बाहेरून आत काम करतात, म्हणजे टवके उडत नाहीत. धुळीपासून श्वसनमास्क आवश्यक. बोल्टखाली रुंद वॉशर व रबर हवे. बोल्ट अति आवळल्यास भोकाभोवती ताऱ्यासारख्या भेगा पडतात, त्याही कधीकधी रंगानंतर महिन्यांनी. बिजागरीच्या जागी आतून पोलादी पट्टी किंवा प्लायवुड लॅमिनेट करतात (काचतंतू व रेझिनाच्या थराखाली बसवतात). हा थर एकदम जाड दिल्यास घट्ट होतानाच्या उष्णतेने व आकसण्याने त्याची छाप बाहेरच्या पृष्ठावर उमटते. गडद रंगावर ती विशेष दिसते. अनेक जण आता ब्रॅकेट पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने बसवतात. दोन्ही पृष्ठे खरवडलेली असतील तर हा सांधा बोल्टपेक्षा भार अधिक पसरवतो.

एक्झॉस्टजवळच्या पॅनेलाला उष्णतारोधक पत्रा लागतो. ब्रिटनमधील वैयक्तिक वाहन मान्यता तपासणीत बाहेर येणाऱ्या कडांची गोलाई किमान २·५ मिमी. अपेक्षित असते. फायबरग्लास विद्युत्‌वाहक नसल्याने दिव्यांचा परतीचा प्रवाह बॉडीतून जात नाही. प्रत्येक दिव्याला चॅसीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी लागते. ती सैल असल्यास दिवा मंद जळतो, किंवा ब्रेक दाबताच शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो.