मिश्रवंशीय कुटुंबांतील वर्णभेद

वेगवेगळ्या वंशांचे मानले जाणारे जोडीदार, त्यांची मुले, किंवा दुसऱ्या वंशाचे मूल दत्तक घेतलेले पालक अशा घरांत रंग, केस आणि वारसा यांबद्दल काय बोलले जाते, काय टाळले जाते आणि मुलांना काय शिकवले जाते, हा या नोंदीचा विषय. लग्न झाले की भेद मिटला, हा समज खरा नाही. जीव एका माणसावर जडतो. त्याच्या समाजाबद्दल लहानपणापासून कानांवर पडलेले मनात तसेच राहू शकते.

अमेरिकेत हा प्रश्न आधी कायद्याचा होता : व्हर्जिनियासह अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला बंदी होती. मिल्ड्रेड जेटर ही कृष्णवर्णीय आणि रिचर्ड लव्हिंग हा गोरा. दोघांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. पाच आठवड्यांनी व्हर्जिनियातील घरी मध्यरात्री शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, थेट झोपायच्या खोलीत शिरला. मिल्ड्रेडने भिंतीवर लावलेल्या विवाहाच्या दाखल्याकडे बोट दाखवले, तर तो इथे चालत नाही, असे उत्तर मिळाले. एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली आणि २५ वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती स्थगित झाली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे एकमताने रद्द केले, तेव्हा ते १६ राज्यांत लागू होते.

अशा कायद्यांना वंशशुद्धीच्या तथाकथित शास्त्राचा आधार दिला जाई. नामिबियातील मिश्रवंशीय कुटुंबांच्या अभ्यासामुळे नाव मिळवलेले जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर हे त्या शास्त्राचे बडे प्रस्थ. त्यांच्याच हाताखाली बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या ठेवणीवरून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष मांडला. मराठी वाचकाने हे विसरू नये.

गॅलप या अमेरिकी जनमत-संस्थेच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला १९५८ मध्ये ४ टक्के अमेरिकनांची मान्यता होती. २०२१ मध्ये ती ९४ टक्के झाली. मात्र लोकांच्या लग्नाला हो म्हणणे सोपे असते. आपल्याच मुलीने नाव सांगितले की कस लागतो. बराक ओबामा यांनी मार्च २००८ च्या फिलाडेल्फियातील भाषणात आपल्या गोऱ्या आजीबद्दल सांगितले : तिने त्यांना वाढवले, जीव लावला, आणि रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते, अशी कबुलीही दिली. माया आणि पूर्वग्रह एकाच माणसात कसे नांदतात, याचे इतके प्रांजळ उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

कृष्णवर्णीय घरांत मुलगा वयात येताना त्याला समजावतात : पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, खिशात घालू नकोस. गोऱ्या आईला तिच्या आईने हे कधी शिकवलेले नसते. ‘आम्ही रंग पाहतच नाही’ असे सांगणारे पालक प्रेमापोटीच तसे म्हणतात, पण शाळेत लागलेला शब्द घरी येऊन सांगायची सोय त्यामुळे मुलाला उरत नाही. दाट कुरळे केस कोरडेच विंचरले तर तुटतात, डोके दुखते; ते ओले करून, तेल-क्रीम लावून, टोकाकडून मुळाकडे सोडवावे लागतात. हे शिकून घेणारी आई मुलीच्या केसांना ‘त्रासदायक’ म्हणत नाही. एकाच घरात उजळ भावाचे कौतुक होते आणि सावळ्या बहिणीला उन्हात जाऊ नकोस म्हणून बजावतात, तेव्हा भेद करणारे परके नसतात.

मराठी कुटुंबांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. परदेशात गोरा जावई लवकर ‘आपला’ होतो. काळ्या जावयाची ओळख नातेवाइकांना करून द्यायची वेळ आली की हुद्दा आणि शिक्षण आधी सांगितले जाते. गरोदर मुलीला बाळ गोरे व्हावे म्हणून केशर घातलेले दूध देण्याची आपल्याकडची जुनी समजूत आहे. त्यामुळे ‘बाळ कुणावर गेलंय?’ असे आजी फोनवर विचारते, तेव्हा तिला काय विचारायचे आहे, हे मुलीला कळते.