ऐतिहासिक युद्धखेळांतील लघुमूर्ती

जुन्या लढाया टेबलावर खेळताना मांडायचे सैनिक, घोडे आणि तोफा. त्यांची शैली बदलत गेली ती मुख्यतः साचा आणि माल बदलल्यामुळे.

अठराव्या शतकात न्यूरेंबर्गमध्ये कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक आणले : साच्यात ओतलेल्या धातूची बाहेरची कड थिजली की आतला रस परत ओतून काढायचा. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळाचे नियम छापले ते अशाच ५४ मिमी सैनिकांसाठी. एवढ्या उंचीला टेबल पुरत नाही, जमीनच लागते.

१९५९ पासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे मऊ पॉलिथिनचे सैनिक आले आणि स्वस्तात पलटणी उभ्या राहू लागल्या. पण पॉलिथिनला रंग धरत नाही; संगीन वाकली की तिथूनच पोपडा निघतो. त्यावर उपाय असा : साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायचे, पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, मग ॲक्रिलिक रंग लावून वर पुन्हा गोंद.

पुढे रबरी साच्यात गरगर फिरवून ओतलेले २५, १५ आणि ६ मिमीचे धातूचे सैनिक रुळले. २५ चे हळूहळू २८ झाले. काही उत्पादक ही उंची डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. त्यामुळे डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. शिसे जास्त असलेले जुने सैनिक ओकच्या कपाटात ठेवल्यास लाकडातल्या आम्लाच्या वाफेने पांढरी भुकटी धरतात. वरून रंग फासून ती थांबत नाही.

कडक प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे, सैनिक ज्या पोलादी साच्यात घडतात तो सरळ उघडतो, त्यामुळे हाताखालची पोकळी त्यात घडतच नाही. म्हणून हात, डोके, बंदूक सुटी येतात. ते जोडायचा खास गोंद (पॉलिस्टायरीन सिमेंट) पृष्ठभाग विरघळवून सांधा एकजीव करतो. पॉलिथिनवर तो निरुपयोगी.

रेझिन छपाईत, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून थरावर थर देत मूर्ती घडवण्यात, ०.०५ मिमीचा थर धरला, तर २८ मिमी उंचीला ५६० थर लागतात. छापून झाल्यावर हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचे, मग अतिनील प्रकाशात पक्के करायचे. धुणे कमी पडले तर मूर्ती चिकट राहते. प्रकाश जास्त झाला तर ठिसूळ होते. १:५६ प्रमाणात (खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढ्या आकारात) बंदुकीची नळी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक येते. धातूत ती मुद्दाम जाड ठेवत. रेझिनमध्ये ती हुबेहूब छापता येते, आणि सैनिक उचलताना सर्वांत आधी मोडते तीही तीच.