खोइखोई गळ्यापायांत आतडी घालून हिंडत? खुलासा

दक्षिण आफ्रिकेच्या केपमधल्या खोइखोई पशुपालकांची जुनी युरोपीय कोरीव चित्रे दाखवून आजही सांगितले जाते, की हे लोक जनावरांची आतडी अंगावर गुंडाळत. रोजच्या पेहरावाबद्दल हे खोटे आहे.

पायांत दिसतात ती कातड्याची कडी. १७०५ ते १७१३ केपमध्ये राहिलेल्या पेटर कोल्ब या जर्मन अभ्यासकाने १७१९च्या ग्रंथात हे स्पष्टच लिहिले. मेंढीच्या किंवा वासराच्या कातड्याच्या ओल्या पट्ट्या बायका पायांना गुंडाळत. वाळल्या की त्या लाकडासारख्या कडक होत आणि काट्याझुडपांत पिंढऱ्या वाचवत. उपासमारीत तीच कातडी खाताही येई! अंगावर कारोस, म्हणजे चरबी चोळून मऊ केलेला मेंढीच्या कातड्याचा झगा. थंडीत केस आत, उन्हाळ्यात बाहेर.

मग आतडी आली कुठून? काही विधींत कापलेल्या जनावराच्या पोटातला चरबीचा पडदा खरोखर गळ्यात घालत. ते पाहिलेल्या युरोपीय खलाशांनी प्रसंगाचा रोजचा रिवाज करून सांगितला. प्रवासवर्णनांसाठी चित्रे कोरून छापणाऱ्या, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या द ब्री कारखान्यातल्या कारागिरांनी केप पाहिलेच नव्हते. त्यांनी ऐकीव मजकुरावरून तांब्याच्या पत्र्यावर रेघा ओढल्या, अंगकाठी ग्रीक पुतळ्यांची दिली. पुढच्यांनी छापील चित्रावरूनच नवा पत्रा कोरला. असा पत्रा छापला की चित्र उलटे होते, उजव्या हातातली काठी डाव्या हातात जाते. तीच मांडणी आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर ते चित्र बहुधा नक्कल समजावे.

पडताळायला केप टाउनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली सतराव्या शतकाच्या अखेरची निनावी रेखाटने पाहावीत. ती प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत, आणि कारोस कसा पांघरत ते त्यांत नीट कळते.