नायट्रो इंजिन सुरू करायचे कशाने: दोरीने, रॉडने की स्टार्टर बॉक्सने?

थंड, नवे नायट्रो इंजिन, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारे छोटे मॉडेल इंजिन, हातात घेऊन त्याचे फ्लायव्हील (शाफ्टवरचे जड चाक) बोटांनी फिरवून पाहिले, तर पिस्टन वर येईपर्यंत ते सहज फिरते आणि अगदी वरच्या टोकाशी मात्र असे अडते, की काहीतरी बिघडले असावे अशी शंका यावी. प्रत्यक्षात ते इंजिन अगदी ठीक असते. रेडिओ नियंत्रित गाड्यांच्या बहुतेक नायट्रो इंजिनांत पिस्टनला रिंग नसते; ॲल्युमिनियमचा पिस्टन क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, वरखाली होतो, आणि ही स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दामच किंचित निमुळती ठेवलेली असते. इंजिन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि पिस्टनला नेमकी हवी तेवढी मोकळीक मिळते. हे यंत्र गरम असताना नीट चालावे असे घडवलेले आहे, पण सुरू करायचे ते थंड असताना. सुरू करण्याच्या पद्धतीचा विचार इथूनच करायला हवा.

नुसती ताकद मात्र पुरत नाही, वेगही लागतो. या इंजिनात ठिणगी नसते. रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणलेल्या ग्लो प्लगचेच तत्त्व आजही वापरात आहे: प्लॅटिनमयुक्त तारेचे एक लहानसे वेटोळे सुरुवातीला सुमारे दीड व्होल्टच्या इग्नायटरने तापवायचे, आणि इंजिन चालू लागले की संपीडनाची उष्णता, आधीच्या ज्वलनाची धग आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी अभिक्रिया या तिन्हींच्या जोरावर ते स्वतःच तापलेले राहते. अडचण अशी, की मिथेनॉलचे बाष्प होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषली जाते, त्यामुळे आत येणारे मिश्रण थंडगार असते. इंजिन हळू फिरवले तर संपीडनाने निर्माण झालेली थोडीफार उष्णताही धातूच्या भिंतींत निघून जाते आणि कार्ब्युरेटरमधून इंधन ओढले जाईल एवढा हवेचा झोतही तयार होत नाही. म्हणून स्टार्टरला अडलेला पिस्टन ओलांडून न्यायचा असतो आणि तेही झपाट्याने.

पुल-स्टार्ट, म्हणजे दोरी ओढून सुरू करणे, ही सर्वांत साधी पद्धत. इंजिनाच्या मागच्या बॅकप्लेटमध्ये दोरीची चकती आणि एक वन-वे बेअरिंग असते. दोरी ओढली की बेअरिंग शाफ्टला पकडते आणि इंजिन स्वतः चालू लागले की सोडून देते. जास्तीची बॅटरी, पेटी, काहीच सोबत न्यावे लागत नाही. दोरी मात्र फार लांब नसते. ती शेवटपर्यंत खेचली तर तुटते किंवा आतली स्प्रिंग निसटते, म्हणून सुमारे ३० सेंटिमीटरचे झपाट्याचे, आखूड झटके द्यायचे. नव्या, घट्ट इंजिनाला हे झटके कधी कधी अपुरे पडतात. अशा वेळी हेअर ड्रायरने इंजिनाचे डोके थोडे गरम करून घेतले, तर वर सांगितलेले प्रसरण आपल्या बाजूने काम करते आणि दोरी लगेच हलकी लागते.

दोरीचा एक मोठा गुण क्वचितच सांगितला जातो: ती हाताला खबर देते. इंधन जास्त गेले की ते द्रवरूपात पिस्टनच्या वर साचते. हवा दाबता येते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. त्यामुळे पिस्टन वर येऊच शकत नाही आणि दोरी एकाएकी दगडासारखी होते. अशा वेळी जोर लावायचा नसतो. ग्लो प्लग काढायचा, गाडी उलटी धरायची आणि इंजिन काही वेळा फिरवून साचलेले इंधन बाहेर काढायचे. ते डोळ्यांत उडू नये म्हणून वर फडके धरायचे. हाताला हे कळते, मोटरला कळत नाही, आणि मोटरने रेटलेच तर बारीकसा कनेक्टिंग रॉड वाकतो.

विजेच्या हातस्टार्टरमध्ये बॅटरीवर चालणारी मोटर एक षट्कोनी रॉड फिरवते आणि तो रॉड बॅकप्लेटमधल्या वन-वे बेअरिंगच्या शाफ्टमध्ये बसवायचा असतो. फिरणे सलग आणि वेगवान असल्याने इंजिन लवकर पकड घेते. काही गाड्यांत ही छोटी मोटर इंजिनाच्या मागेच कायमची बसवलेली असते आणि हातातल्या पेटीची तार जोडली की काम होते. सोय मोठी, पण तेवढे वजन गाडी सतत वाहते. वन-वे बेअरिंग मात्र इथेही नाजूक जागाच राहते: तेथे गंज चढला किंवा वंगण घट्ट झाले की रॉड फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही.

स्टार्टर बॉक्सची रीत वेगळी आहे. पेटीवर गाडी ठेवून खाली दाबली, की चेसिसच्या खाचेतून वर येणारे रबरी चाक थेट फ्लायव्हीलला घासते. त्यामुळे बॅकप्लेट साधी, बंद आणि हलकी ठेवता येते, हवा गळण्याच्या जागा कमी होतात, आणि म्हणूनच स्पर्धेतल्या '२१' वर्गाच्या, म्हणजे सुमारे ३.५ सीसीच्या इंजिनांना सहसा हाच मार्ग असतो. पेटी जड असते आणि गाडी जागेवर धरणाऱ्या तिच्यावरच्या खुंट्या आपल्या गाडीच्या चेसिसनुसार जुळवून घ्याव्या लागतात. तिची ताकदही सर्वांत जास्त, म्हणून साचलेल्या इंधनाचा धोकाही इथेच सर्वांत मोठा.

पहिलेच, '१२' किंवा '१५' वर्गाचे छोटे इंजिन असेल तर मी दोरीचीच शिफारस करीन, कारण घट्टपणा, इंधनाने तुंबणे आणि योग्य मिश्रण यांतला फरक तिच्यातूनच हाताला कळतो. मोठे इंजिन किंवा दुखरा खांदा असेल तर हातस्टार्टर घ्यावा. बॉक्स घेणाऱ्याने प्रत्येक वेळी गाडी पेटीवर ठेवण्याआधी फ्लायव्हील बोटाने एक फेरा फिरवून पाहावे.

स्टार्टर बदलण्याआधी मात्र ग्लो प्लग काढून इग्नायटरला लावावा आणि सावलीत धरून पाहावा. वेटोळे तेजस्वी नारिंगी होत नसेल, तर प्लग तरी गेलेला असतो किंवा इग्नायटरची बॅटरी उतरलेली असते, आणि अशा वेळी दोरी, रॉड किंवा बॉक्स कोणीही ते इंजिन सुरू करू शकत नाही.